लॉकेटमधील केसांची बट : स्मृतिचिन्ह आणि अभिज्ञान

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीत गळ्यातले लॉकेट आले, की भारतीय वाचक त्याची गणना सहजच ‘अभिज्ञाना’त करतो. दुष्यंताची मुद्रिका डोळ्यांसमोर असताना हे स्वाभाविकच आहे. तथापि या दोन वस्तूंची अर्थ वाहण्याची रीत मुळातच भिन्न आहे. मुद्रिकेवर राजाचे नाव कोरलेले असते आणि प्रसंगी ती दाखविता यावी, हाच ती देण्यामागील हेतू असतो. लॉकेट मात्र मिटते, आणि मिटलेल्या भागातच त्याचे मर्म असते.

व्हिक्टोरियाकालीन लॉकेटच्या झाकणावरील चिन्हे कोणालाही वाचता येण्याजोगी होती. मोती म्हणजे अश्रू, स्वतःची शेपटी तोंडात धरलेला सर्प म्हणजे अनंतत्व, काळे मीनाकाम म्हणजे शोक. आत मात्र काचेखाली केसांची बट असे. राणी व्हिक्टोरियाच्या एका कंकणात तिच्या नऊ अपत्यांच्या केसांची नऊ हृदयाकार लॉकेटे होती. त्यांतील पहिले थोरल्या कन्येच्या जन्माचे, १८४० मधील. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्टचे निधन झाले आणि राणीच्या दीर्घ सुतकामुळे शोकालंकारांची प्रथा अधिकच दृढ झाली. केस हे व्यक्तीचे चित्र नव्हे, तो तिच्या देहाचाच न कुजणारा अंश होय. परंतु त्यावर नाव नसते. सराफ दिलेले केस बदलून दुसरेच बसवितो, हा संशय त्या काळी सार्वत्रिक होता. १८६७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झालेल्या मार्क कॅम्पबेल यांच्या केशकामाच्या पुस्तकाने ही कला घरच्या घरी शिकण्याची सोय केली, ती याच पार्श्वभूमीवर.

एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये (१८४७) हा संशयच कथानक होतो. मृत कॅथरिनच्या गळ्यातील लॉकेट उघडून हीथक्लिफ तिच्या पतीची फिकट बट फेकून देतो आणि आपली काळी बट आत ठेवतो. नेली दोन्ही बटा एकत्र पिळून लॉकेट मिटते. बाहेरून काहीच बदललेले नसते. मुद्रिकेच्या बाबतीत अशी अदलाबदल संभवतच नाही.

डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील लॉकेट अभिज्ञानाच्या अधिक जवळचे. त्यात दोन बटांसोबत अंगठी आहे, तिच्यावर ‘अॅग्नेस’ हे नाव आहे, आडनावाची जागा मात्र कोरी आहे. मंक्स ते नदीत टाकतो. शकुंतलेची मुद्रिका माशाच्या पोटातून परत येते; हे लॉकेट परत येत नाही, आणि ऑलिव्हरचे कुल अखेर माणसांच्या कबुलीजबाबांतूनच सिद्ध करावे लागते.

अनुवादकाची खरी अडचण याहून निराळी आहे. देहापासून सुटलेला केस आपल्याकडे अशुचि मानला जातो. तो अन्नात सापडला तर ताट बाजूला सारले जाते. मृताचे केस हृदयाशी बाळगण्याची कल्पना मराठी वाचकाला करुण वाटण्याआधी किळसवाणी वाटण्याचा संभव आहे. वाल्मीकीची सीता हनुमंताजवळ खूण म्हणून देते तो चूडामणी. तो केसांतला अलंकार आहे, केस नव्हे. ‘बट’ऐवजी ‘आठवण’ असा सौम्य शब्द योजला, तर हीथक्लिफ लॉकेटमधून नेमके काय फेकतो, तेच मराठीत उरत नाही.