वायुतापित कोक भट्टी

वायुतापित कोक भट्टी ही दगडी कोळशापासून कोक तयार करण्याची विटांची भट्टी होय. हिच्यात कोळसा बंद कोठीत भरतात व त्याला हवा लागू देत नाहीत. कोठीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत पोकळ मार्ग असतात. त्यांत इंधनवायू जाळून भिंतीमार्फत कोळशाला उष्णता दिली जाते. अशा अनेक कोठ्या एकमेकींना लागून बांधतात आणि त्या रांगेला ‘बॅटरी’ म्हणतात. लोखंडाच्या झोतभट्टीला लागणारा बहुतेक कोक याच पद्धतीने तयार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या भट्टीच्या रचनेत अनेक सुधारणा झाल्या. त्यांचा रोख अधिक उष्णता निर्माण करण्यापेक्षा ती भिंतीच्या प्रत्येक भागाला योग्य प्रमाणात पोहोचविण्याकडे आणि धुराबरोबर वाया जाणारी उष्णता परत मिळविण्याकडे राहिला आहे.

कोक तयार होण्याची क्रिया

कोठीत भरलेल्या कोळशापैकी भिंतीलगतचा कोळसा सर्वांत आधी तापतो. सुमारे ३५० ते ५०० °से. या टप्प्यात तो मऊ होऊन फुगतो, त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि नंतर तो पुन्हा घट्ट होतो. मऊ कोळशाचा हा थर दोन्ही भिंतींकडून हळूहळू आत सरकतो व अखेर दोन्ही थर कोठीच्या मध्यावर मिळतात. दरम्यान कोळशातील वायू व बाष्पे निघून जातात आणि सच्छिद्र पण कठीण कोक मागे उरतो. मध्यभागाचे तापमान १,००० °से.च्या आसपास पोहोचेपर्यंत कोक किंचित आक्रसून भिंतीपासून सुटा झालेला असतो. मग दोन्ही टोकांची दारे काढून ढकलयंत्राने तो दुसऱ्या बाजूने बाहेर लोटतात.

कोळसा उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे कोठी अरुंद ठेवावी लागते. तिची रुंदी सामान्यतः ४०० ते ६०० मिमी. असते, लांबी मात्र १२ ते २० मी. आणि उंची ४ ते ८ मी. असू शकते. एक भरणा पक्व होण्यास साधारणपणे १५ ते २५ तास लागतात. एवढ्या विस्तीर्ण भिंतीचा एखादा भाग थंड राहिला, तर तेथील कोळसा कच्चा राहतो, बाहेर काढताना धूर सोडतो आणि पुरेसा आक्रसलेला नसल्यामुळे ढकलताना भिंतीवर दाब आणतो. एखादा भाग फार तापला, तर विटांची हानी होते.

याचा परिणाम पुढे झोतभट्टीतही होतो. तेथे कोक हे केवळ इंधन नसते. तो खनिजाचा व चुनखडीचा भार पेलतो आणि वर जाणाऱ्या वायूला वाट मोकळी ठेवतो. ठिसूळ कोकाचा भुगा झाला की ती वाट बुजते.

कोक सहज बाहेर निघावा म्हणून कोठी एका टोकाकडे निमुळती केलेली असते. कोक निघण्याच्या बाजूस ती ढकलयंत्राच्या बाजूपेक्षा सुमारे ५० ते ७५ मिमी. अधिक रुंद असते. त्या बाजूस कोळसा जास्त असल्याने भिंतही अधिक तापवावी लागते. म्हणून या भट्टीत समतोल उष्णता म्हणजे सर्वत्र एकच तापमान नव्हे. कोळशाचा प्रत्येक भाग एकाच वेळी पक्व होणे, हा तिचा अर्थ आहे.

प्रारंभीच्या भट्ट्या

अब्राहम डार्बी यांनी इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे १७०९ मध्ये लोखंड गाळण्यासाठी कोक वापरला. पुढे दीर्घकाळ कोक करण्यासाठी घुमटाकार भट्टी वापरात होती. मधमाशांच्या पोळ्यासारख्या आकारामुळे ती त्याच नावाने ओळखली गेली. तिच्यात थोडी हवा आत सोडून कोळशातून निघणारा वायू कोळशाच्या वरच जाळत असत. त्यात थोडा कोळसाही जळून जाई. डांबर, अमोनिया व बेंझीन यांसारखे उपयुक्त पदार्थ नष्ट होत आणि एका भरण्याला दोन ते तीन दिवस लागत.

बेल्जियममधील कोपे यांच्या भट्टीत अरुंद, उभ्या भिंतींच्या कोठ्या आणि भिंतींतील ज्वलनमार्ग अशी मांडणी झाली, परंतु उपपदार्थ वेगळे काढले जात नव्हते. फ्रान्समध्ये कार्व्हेस यांनी १८६० च्या दशकात कोठीतील वायू बाहेर नेला, थंड करून त्यातील डांबर व अमोनिया काढून घेतले आणि उरलेला वायू भिंती तापविण्यासाठी परत आणला. कोळसा आणि ज्योत यांची अशी फारकत झाल्यावर वायुतापित भट्टीचे मूळ रूप सिद्ध झाले. मात्र ज्वलनानंतरचे अतिशय तप्त वायू धुराड्यातून निघून जात आणि भट्टी स्वतःच्याच वायूचा मोठा भाग खर्च करी.

पुनर्जनित्राचा उपयोग

काच व पोलाद उद्योगांत सीमेन्स बंधूंनी रूढ केलेले पुनर्जनित्र जर्मनीत १८८० च्या दशकात ओटो–हॉफमान भट्टीत वापरले गेले. पुनर्जनित्र म्हणजे जाळीसारख्या रचलेल्या विटांचा कक्ष. तप्त धूर त्यातून जाताना विटा तापतात. ठरावीक वेळाने, साधारणपणे २० ते ३० मिनिटांनी, प्रवाहाची दिशा उलटवितात. आता त्याच विटांतून ज्वलनासाठी लागणारी हवा आत येते व सुमारे १,००० °से.पर्यंत तापते. धुराड्याकडे जाणारा धूर २०० ते ३०० °से. इतका थंड होतो. यामुळे भट्टीचा निम्म्याहून अधिक वायू अन्य कामांसाठी शिल्लक राहू लागला.

या रचनेत संपूर्ण बॅटरीसाठी तिच्या लांबीभर दोन मोठी सामाईक पुनर्जनित्रे होती. त्यामुळे कोणत्या भिंतीला किती हवा मिळते यावर नेमके नियंत्रण ठेवता येत नसे. जवळच्या भिंती भरपूर तापत आणि दूरच्या मागे पडत.

कॉपर्स यांची रचना

ही उणीव जर्मन अभियंते हाइनरिख कॉपर्स (१८७२–१९४१) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दूर केली. त्यांनी सामाईक पुनर्जनित्रांऐवजी प्रत्येक कोठीखाली स्वतंत्र पुनर्जनित्र आडवे बसविले. भिंत सुमारे तीस उभ्या ज्वलनमार्गांत विभागली. प्रत्येक मार्गाला वायूची स्वतंत्र तोटी आणि वरच्या टोकाला सरकती वीट दिली. भट्टीच्या माथ्यावरील झाकण उघडून कामगार मार्गात डोकावू शके, तेथील तापमान पाहू शके आणि तोटी किंवा वीट बदलून उष्णता कमी-जास्त करू शके.

या सोयीचे महत्त्व विटांच्या गुणधर्मात आहे. उच्च तापमानास टिकणाऱ्या सिलिका विटा कमी तापमानात मात्र नाजूक असतात. तापताना त्यांच्यातील स्फटिकांचे रूप बदलते व त्या एकदम प्रसरण पावतात. म्हणून नवी बॅटरी कित्येक आठवडे सावकाश तापवावी लागते आणि एकदा तापली की सहसा पुढील तीस-चाळीस वर्षे थंड होऊ देत नाहीत. भट्टी थांबवून आतील दोष दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते. साहजिकच जी भट्टी चालू स्थितीत जुळविता येते, तीच दीर्घकाळ चांगली चालते.

अमेरिकेतील पहिल्या कॉपर्स भट्ट्या १९०८ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झाल्या. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी टोल्यूइनची मागणी वाढल्याने अशा भट्ट्यांचा प्रसार वेगाने झाला आणि १९१९ च्या सुमारास तेथील त्यांचे उत्पादन पोळे-भट्ट्यांपेक्षा अधिक झाले.

उंचीचा प्रश्न

उत्पादन वाढविण्याचा सोपा मार्ग म्हणजे कोठी उंच करणे. परंतु कॉपर्स यांच्या रचनेत भिंतीच्या अर्ध्या भागातील मार्गांत ज्योत वर जाई आणि सर्व धूर माथ्यावरील एका आडव्या मार्गातून उरलेल्या अर्ध्या भागात उतरे. भिंत जितकी उंच, तितका हा आडवा मार्ग मोठा करावा लागे आणि त्याने भिंत दुर्बळ होई. जोसेफ बेकर यांनी १९२० च्या दशकात याला पर्याय शोधला. त्यांनी धूर कोठीच्या माथ्यावरून शेजारच्या भिंतीत नेला. असे अनेक छोटे ओलांडमार्ग दिल्यामुळे मोठ्या आडव्या मार्गाची गरज उरली नाही. दुसऱ्या पर्यायात शेजारशेजारच्या दोन मार्गांची जोडी केली जाते. एकातून ज्योत वर जाते व दुसऱ्यातून धूर खाली येतो.

दुसरी अडचण ज्योतीच्या लांबीची होती. कोक भट्टीच्या वायूत निम्म्याहून अधिक हायड्रोजन असल्याने तो झपाट्याने जळतो. त्यामुळे भिंतीचा तळ अति तापतो आणि माथा थंड राहतो. यावर दोन उपाय रूढ झाले. पहिल्यात थोडा धूर तळाशी परत मिसळून ज्योत मंद व लांब केली जाते. दुसऱ्यात हवा एकदम न देता वेगवेगळ्या उंचींवर टप्प्याटप्प्याने सोडतात. या उपायांनी ज्योतीचे कमाल तापमान उतरल्याने नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइडेही कमी झाली.

झोतभट्टीतून निघणारा वायू कमी उष्णतेचा असतो. तो वापरायचा झाल्यास हवेबरोबर वायूही पुनर्जनित्रात तापवावा लागतो. कोक भट्टीचा वायू मात्र असा तापवीत नाहीत. त्यातील मिथेनचे विघटन होऊन विटांवर कार्बन साचतो. दोन्ही वायूंवर चालणाऱ्या भट्टीमुळे पोलाद कारखान्याला अधिक मोलाचा कोक-वायू इतरत्र वापरता येतो.

जर्मनीतील ड्युसबुर्ग येथील श्वेल्गर्न कोक कारखान्यात (२००३) कोठ्यांची उंची सुमारे ८.४ मी. आहे. मोठ्या कोठ्यांमुळे तेवढ्याच कोकासाठी दारे कमी वेळा उघडावी लागतात व गळतीच्या जागाही घटतात.

कामगारांचे आरोग्य

कोठीतून गळणाऱ्या धुरात कर्करोगकारक पदार्थ असतात. अमेरिकेतील पोलाद कामगारांच्या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भट्टीच्या माथ्यावर पाच किंवा अधिक वर्षे पूर्णवेळ काम केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेच्या सुमारे दहापट आढळले. ज्या माथ्यावरून उष्णतेची जुळवणी केली जाई, तीच जागा सर्वांत घातक ठरली. १९७६ मध्ये तेथे कामाच्या जागेतील कोक भट्टीच्या उत्सर्जनावर दर घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घालण्यात आली. त्यानंतर घट्ट बसणारी दारे, धूर ओढून घेणारी भरणयंत्रे आणि प्रत्येक कोठीतील दाबाचे स्वतंत्र नियमन यांकडे रचनाकारांचे लक्ष वळले. भिंतीचे समतोल तापन हाही याच प्रयत्नांचा भाग आहे, कारण पूर्ण पक्व कोक बाहेर पडताना फारसा धूर सोडत नाही.

भारतातील स्थिती

भारतात कोकयोग्य कोळसा प्रामुख्याने झारखंडमधील झरिया परिसरात मिळतो. महाराष्ट्रातील चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर भागांतील कोळसा कोक करण्यास योग्य नाही. जमशेटपूर, भिलाई, राउरकेला इत्यादी पोलाद कारखान्यांत उपपदार्थ मिळविणाऱ्या वायुतापित भट्ट्या आहेत. भिलाई येथे ७ मी. उंचीच्या कोठ्याही आहेत. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे अशा भट्ट्या चालतात. गोव्यातील आमोणे येथील कारखान्यात मात्र उपपदार्थ वेगळे न काढता वायू भट्टीतच जाळतात व धुराच्या उष्णतेपासून वीज तयार करतात. ही पद्धत जुन्या पोळे-भट्टीच्या तत्त्वावर आधारलेली आहे. फरक इतकाच की पूर्वी धुराड्यातून निघून जाणारी उष्णता आता उपयोगात येते.