निरोगी हाताचे बळ किती?

मनगटाचे हाड मोडलेल्या तिशीतील एखाद्या पुरुषाचे प्लास्टर निघून काही आठवडे लोटले, की उपचार करणारा त्याच्या हाती एक धातूची मूठ देतो आणि ती सर्व शक्तीने आवळावयास सांगतो. तबकडीवरील काटा, समजा, ३८ किलोग्रॅमपाशी थांबतो. हा हात बरा झाला म्हणावयाचे, की अजून दुबळा आहे म्हणावयाचे? काट्याला याचे उत्तर ठाऊक नसते. ते मिळावयाचे तर त्याच वयाची निरोगी माणसे मूठ किती बळाने आवळतात, हे कोणी तरी अगोदर मोजून ठेवलेले असावे लागते. अशा मापाला शास्त्रीय परिभाषेत ‘प्रसामान्य मान’ म्हणतात. हे काम दिसावयास सोपे आहे, पण गेली सव्वादोनशे वर्षे ते मोजणाऱ्यांना चकवीत आले आहे.

हाताचे बळ म्हटले तरी ते सारे हातात नसते. वाचकाने डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग धरावा आणि उजवी मूठ आवळून पाहावी. ताठर होणारा मांसल भाग बोटांपाशी नसून कोपराजवळ आहे, हे लगेच कळेल. बोटे मिटविणारे मोठे स्नायू तेथे असतात व त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. आता मनगट तळहाताच्या बाजूस पूर्ण वाकवून पुन्हा मूठ आवळावी. मुठीत जोर राहत नाही, कारण स्नायू आधीच आखूड झालेला असतो आणि आणखी आखडावयास त्याला फारसा वाव उरत नाही. हात तोच, माणूस तोच. केवळ ठेवण बदलली आणि बळ बदलले. म्हणून अमेरिकेतील हस्तोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने १९८१ साली मोजणीची एक ठरावीक ठेवण सुचविली. माणसाने बसावे, दंड अंगालगत ठेवावा, कोपर काटकोनात वाकवावे, मनगट जवळजवळ सरळ असावे, आणि तीन प्रयत्नांची सरासरी घ्यावी. यंत्राची मूठही हाताच्या मापाची हवी. १९५४ साली वर्णिलेल्या जामर यंत्रात ती पाच निरनिराळ्या अंतरांवर बसविता येते, आणि मुठीचा दाब बंद जागेतील द्रवाद्वारे काट्यापर्यंत पोहोचतो.

एवढी काळजी का घ्यावयाची, हे पहिल्या मोठ्या प्रयोगाच्या फजितीवरून समजते. १७९८ च्या सुमारास पॅरिसमधील एद्म रेन्ये या कारागिराने पोलादी कमानीचे एक सुटसुटीत बलमापक यंत्र तयार केले. १८०० साली निघालेल्या बोदँ यांच्या सागरी मोहिमेत फ्रान्स्वा पेराँ या तरुण निसर्गशास्त्रज्ञाने ते बरोबर नेले आणि टास्मानिया, ऑस्ट्रेलिया व तिमोर येथील रहिवाशांकडून ते दाबवून घेतले. त्यांचे आकडे फ्रेंच खलाशांच्या आकड्यांहून कमी भरले. पेराँने निष्कर्ष काढून टाकला, की रानटी अवस्थेतील माणूस सुधारलेल्या माणसाहून अशक्त असतो! टास्मानियात मोजलेली माणसे अवघी मूठभर होती. ते यंत्र त्यांनी पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. परक्या पाहुण्याच्या सांगण्यावरून जिवाच्या आकांताने लोखंड दाबण्याचे त्यांना काही कारणही नव्हते. यंत्राने मोजले ते स्नायूंचे बळ की त्या माणसांची अनिच्छा, हा प्रश्न पेराँला पडला नाही.

पुढे १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गॉल्टन यांनी तीन पेन्स घेऊन लोकांची अंगमापे घेण्याची सोय केली आणि तेथे ९,३३७ जणांची मोजणी झाली. हातांचे दाबण्याचे बळ हे त्यांतील एक माप. संख्या मोठी होती, पण पदरचे पैसे मोडून रांगेत उभी राहणारी माणसे म्हणजे सगळे शहर नव्हे. १९८५ साली अमेरिकेतील मिल्वॉकीच्या परिसरात २० ते ९४ वर्षे वयाच्या ६३८ स्त्रीपुरुषांचे हात मोजले गेले. तिशीच्या आरंभीच्या पुरुषांच्या उजव्या हाताची सरासरी तेथे सुमारे ५५ किलोग्रॅम आली. हे कोष्टक जगभर वापरले गेले, आणि त्याच्याशी ताडून पाहिले तर आपल्या ३८ किलोग्रॅमच्या माणसाचा हात दुबळाच ठरतो. मात्र ताडण्याचे माप मिल्वॉकीचे आहे.

समजा, दिल्लीच्या आर. के. पुरमचे माप काढावयाचे ठरविले. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वसविलेली ही वसाहत. वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ साली स्थापन झाला. त्याचे कार्यालय पुष्कळ वर्षे येथल्याच वेस्ट ब्लॉकमध्ये होते. शब्द असा टेबलाशी बसून ठरविता येतो, पण संख्येसाठी घरोघर हिंडावे लागते. हिंडावयाचे तरी कोणाकडे? क्वार्टरमध्ये राहणारा कारकून देशाच्या कोणत्याही प्रांतातून आलेला असतो. कोपऱ्यावर इस्त्री करणाऱ्याचा हात दिवसभर जड इस्त्री उचलून घडलेला असतो. लगतच्या मुनिरका आणि मोहम्मदपूर या जुन्या गावांतील कुटुंबांचा आहारविहार आणखी निराळा. कचेरीच्या दारात टेबल मांडून ‘या, दाबून पाहा’ म्हटले, तर ईर्षेने पुढे येतात ते तरुण पुरुष. गुडघे धरलेल्या आजीबाई येत नाहीत आणि स्वयंपाकघरातील गृहिणीही येत नाही. म्हणून घरांची यादी करून चिठ्ठी टाकावी लागते, आणि ज्याचे नाव निघाले त्याच्याच दारी, तो नाही म्हणाला तरी पुन्हा, जावे लागते. त्यानंतर ‘निरोगी’ कोणाला म्हणावयाचे? सांधेदुखीचा रोगी वगळला तर तो न्याय. पण साठीपुढे ज्यांना काहीच दुखत नाही अशांनाच घेतले, तर म्हाताऱ्यांचे माप फुगेल.

असे घरोघर हिंडण्याचे काम भारतात खरोखर झाले आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली वृद्धत्वाविषयीची जी देशव्यापी पाहणी २०१७ साली सुरू झाली, तिच्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या भेटी घेण्यात आल्या. त्यांत प्रामुख्याने पंचेचाळिशी ओलांडलेली माणसे होती. प्रश्नांबरोबर त्यांच्या दोन्ही हातांची पकडही मोजण्यात आली. २०१६ साली २१ देशांतील सव्वा लाख निरोगी प्रौढांची मापे प्रसिद्ध झाली. तीत युरोप व उत्तर अमेरिका सर्वांच्या वर, आणि दक्षिण आशिया, आग्नेय आशिया व आफ्रिका तळाशी होते.

हे वाचून पेराँची आठवण होते. फरक एवढाच, की या वेळी मोजणी नेटकी आहे, म्हणून आकडे झटकून टाकता येत नाहीत. दक्षिण आशियातील माणसाची उंची व वजन कमी, हे एक कारण उघड आहे. परंतु शरीर लहान का राहिले? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बालके मोजली. त्यांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलोग्रॅम होते. पुण्याच्या बालकांत चरबी त्या मानाने टिकून होती. स्नायू मात्र उणे होते. दुसरीकडे, इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात असे आढळले, की जन्मतः जड असलेल्यांची पकड उतारवयातही बळकट असते. म्हणजे प्रौढाच्या मुठीतील काही किलोग्रॅमांचा हिशेब त्याच्या आईच्या ताटापर्यंत मागे जातो. येथे मोठा पेच आहे. परके कोष्टक लावले, तर धडधाकट माणूस दुबळा ठरतो. आपले कोष्टक लावले, तर पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार ‘प्रसामान्य’ या भारदस्त शब्दाआड लपून जाते. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. या माणसाचा हात त्याच्यासारख्यांच्या मानाने कसा आहे, हा डॉक्टरचा प्रश्न. आणि त्याच्यासारख्यांचा हात असा का, हा समाजाचा.

डॉक्टरला बहुधा रेषा हवी असते. स्नायूंच्या वार्धक्यजन्य क्षीणतेसाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ च्या निर्णयात पुरुषांसाठी २८ व स्त्रियांसाठी १८ किलोग्रॅम ही रेषा आखली. युरोपीय गटाची रेषा २७ व १६ आहे. आशियाचे हात कमी बळाचे, तरी रेषा वरची! यात चमत्कार नाही. युरोपीयांनी निरोगी ब्रिटिश तरुणांच्या सरासरीपासून खाली अंतर मोजले, तर आशियाई गटाने वृद्धांतील सर्वांत खालचा पाचवा हिस्सा वेगळा काढला. रेषेच्या पायथ्याशी अशी माणसाने केलेली निवड असते, आणि ती आकड्याबरोबर छापली जात नाही.

तरीही हा आकडा व्यर्थ नाही. १७ देशांतील सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या पाहणीत (तीत भारतीयही होते) २०१५ साली असे दिसले, की पकड ५ किलोग्रॅमने कमी असली तर पुढील काही वर्षांत मृत्यूचा संभव सुमारे १६ टक्क्यांनी अधिक असतो. मूठ आवळल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. आतल्या क्षीणतेची खबर मूठ लवकर देते, इतकेच. भारतीय पाहणीची योजनाही त्याच माणसांकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा जाण्याची आहे. त्या भेटीत प्रत्येकाच्या हाताची तुलना मिल्वॉकीशी नव्हे, त्याच्या स्वतःच्याच जुन्या मापाशी करता येते.