परदेशी शिकायला जाताना : आधी खोली, आधी विमा

मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली की घरात धावपळ सुरू होते ती बॅगा, चटण्या-मेतकूट आणि तिकिटांची. राहायचे 'तिथे गेल्यावर बघू' आणि विमा 'एजंट करून देतो' यावर सोडून दिला जातो. आरोग्याच्या दृष्टीने मात्र हीच दोन कामे सर्वांत आधी करायची असतात.

आपल्या भागाला ही गोष्ट नवीन नाही. खेड्यातल्या मुलाला शाळेइतकीच राहण्या-जेवणाची सोय लागते, हे ओळखून कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. परमुलुखात तर ही गरज अधिकच तीव्र होते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या. प्रथम त्या न्यू जर्सीतील कार्पेंटर कुटुंबात राहिल्या, तिथे घरची माया होती. पुढे फिलाडेल्फियात कॉलेजजवळच्या खोलीत शेगडी पेटवावी तर धूर कोंडे, न पेटवावी तर थंडी, अशी अवस्था होती. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने गेल्या. क्षय जंतूंमुळे होतो, खोलीमुळे नव्हे; पण थंडी, धूर आणि जेवणाची आबाळ यांनी शरीराची ताकद खचते, हेही तितकेच खरे.

आज खोली ठरवताना भाड्याबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात. खिडकी उघडते का? भिंतीला ओल किंवा काळी बुरशी आहे का? खोली गरम ठेवण्याचा खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा? हा खर्च वाचवण्यासाठी मुले हीटर बंद ठेवतात, खिडक्या लावून घेतात आणि आतच कपडे वाळवतात. त्याने ओल वाढते, बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. थंडीतही रोज दहा मिनिटे खिडकी उघडावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

खोली न पाहता, करार हाती न येता अनोळखी घरमालकाला पैसे पाठवू नयेत. पहिल्या वर्षी विद्यापीठाचे वसतिगृह मिळाले तर उत्तम. त्यासाठी प्रवेश मिळताच अर्ज करावा, कारण जागा लवकर भरतात.

पक्क्या पत्त्यावर पुढची बरीच कामे अवलंबून असतात. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते व त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते. इंग्लंडमध्ये घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचे असते. हे काम ताप भरण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात उरकावे.

विम्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे. त्यात सरकारी डॉक्टर व रुग्णालय आले. पण इंग्लंडमध्ये दातांचे उपचार, चष्मा आणि बाहेरून घ्यायची औषधे यांचे पैसे साधारणपणे वेगळे पडतात. जर्मनीत आरोग्यविम्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदले जात नाही. तिशीच्या आतील विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो. स्वस्त म्हणून सुरुवातीलाच खाजगी विमा घेऊन त्यातून सूट मागितली, तर शिक्षण संपेपर्यंत मागे फिरता येत नाही. ऑस्ट्रेलियात संपूर्ण व्हिसा काळाचा विमा सक्तीचा आहे आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी बारा महिने थांबावे लागू शकते. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठांची स्वतःची योजना असते. इथून घेतलेली पॉलिसी चालेल का, हे पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाला लेखी विचारावे. विमा लागू होण्याआधी दर वर्षी ठरावीक रक्कम पदरची भरावी लागते, तिला 'डिडक्टिबल' म्हणतात. स्वस्त पॉलिसीत ती बहुधा मोठी असते.

पॉलिसी घेताना जुना आजार लपवू नये. चार पैसे वाचतील, पण ऐन वेळी दावा नाकारला जाईल.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी दात व डोळे तपासून घ्यावेत. किडका दात इथे भरून घेणे तिथल्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. ब्रिटनला सहा महिन्यांहून अधिक काळ जायचे तर मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. लसींची नोंद सोबत ठेवावी. मधुमेह, दमा, थायरॉइड किंवा फिट्स असतील तर डॉक्टरांकडून आजार आणि औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्यावे, कारण कंपनीची नावे तिथे बदलतात. नेहमीची औषधे नेण्यापूर्वी त्या देशात ती चालतात का, तेही पाहावे.

पालकांनी मुलाचा पत्ता, घरमालकाचा फोन आणि पॉलिसीचा क्रमांक एका वहीत लिहून घरी ठेवावा. अडीअडचणीला रात्री-बेरात्री फोन आला, तर ती वही आधी हाताशी हवी.