भरती, ओहोटी आणि चार प्रमाणे



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली चार प्रमाणे पाहिली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नंतर काहींनी विचारलं, की सर, पर्वतावरचा धूर आणि अग्नी हे फार झालं, रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण द्या. आता सुट्ट्या येतायत आणि आपल्यापैकी बरेच जण कोकणात जाणार असतील. तेव्हा आज पर्वत सोडून आपण समुद्रावर जाऊ. समुद्रकिनारी नीट हिंडायचं तर चारही प्रमाणं लागतात, आणि त्यातलं एक नाकारलं तर काय होतं हे आम्ही स्वतःच्या गुडघ्यावर अनुभवलेलं आहे.

आपलं ठिकाण हरिहरेश्वर. रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे गाव. देवळामागून प्रदक्षिणेची वाट निघते, पायऱ्यांनी खडकांच्या खिंडीतून खाली उतरते आणि मग थेट समुद्राच्या काठाने, खडकांवरून वळसा घेते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने त्या खडकांना मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडलेली आहेत. पाहत राहावं असं ते दृश्य. पण ही वाट ओहोटीचीच वाट आहे. भरतीत ती नसतेच म्हणा ना. तिथे लाटेबरोबर माणसं गेलेली आहेत.

आता पहिलं प्रमाण, प्रत्यक्ष. सकाळी ओहोटीच्या वेळी पुळणीवर उतरलं, की ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते. मध्ये एक भोक आणि भोवती किरणांसारख्या गोळ्यांच्या ओळी. मुलं ती तुडवत पळतात. आपण जरा वाकून पाहावं. एक लहानसा खेकडा वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. हे झालं पाहणं.

आणि इथेच अनुमान सुरू होतं. गोळ्या शाबूत आहेत, म्हणजे त्या झाल्यापासून पाणी इथवर आलेलं नाही. खडकाला कालवं जिथपर्यंत चिकटलेली आहेत, तिथपर्यंत पाणी नेहमी चढतं, कारण पाण्याशिवाय कालव जगत नाही. शेवाळ, काटक्या, शिंपले यांची रेघ वाळूवर जिथे पडलेली असते, तिथे शेवटची भरती थांबली. म्हणजे पाणी दूर असतानासुद्धा ते कुठवर येणार हे किनाऱ्यावर लिहून ठेवलेलं असतं. वाचायला मात्र यावं लागतं.

पण अनुमानाला हेत्वाभासाचं भय असतं. खवळलेल्या समुद्रात दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधल्या अरुंद पट्ट्यात पाणी शांत आहे, असं कधी कधी दिसतं. नवखा माणूस म्हणतो, इथे पाणी शांत आहे, म्हणून इथे उतरणं सुरक्षित. हा सव्यभिचार हेतू. शांतपणा सुरक्षित पाण्यात असतो, तसा घातक पाण्यातही असतो. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी बऱ्याचदा अशाच पट्ट्यातून जोराने परत समुद्रात जात असतं, आणि तिथे तळ खोल असतो म्हणून लाट फुटत नाही. त्यात कोणी सापडलंच, तर किनाऱ्याकडे तोंड करून ओढीशी झुंजू नये, दम संपतो. तरंगत राहावं, हात करून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावं. तर्कशास्त्राच्या तासाला हेत्वाभास चुकला तर दोन गुण जातात. इथे जीव जातो.

आता शब्दप्रमाण. इथे आमची गोष्ट येते.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता हरिहरेश्वरला गेलो होतो. माघ वद्य द्वितीया. सकाळी आरामात उठून, आंबोळ्या खाऊन, साडेदहाच्या पुढे आम्ही त्या पायऱ्या उतरलो. पाणी चांगलं लांब दिसत होतं. खडकांवरून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन परत येत होत्या, कालवं फोडायला गेल्या असाव्यात. आम्हाला पाहून म्हणाल्या, "काका, पाणी चढतंय. मागं फिरा."

आम्ही काय म्हणावं? आम्ही म्हणालो, "कशावरून?"

त्या म्हणाल्या, "आज बीज ना. दीडला भरती." आणि थांबल्या नाहीत, चालू लागल्या.

आमच्या सौभाग्यवती तिथूनच वळल्या. आम्ही म्हणालो, अजून अडीच-तीन तास आहेत, त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. आम्हाला पाणी दूर *दिसत* होतं ना! चार्वाक प्रत्यक्षाखेरीज दुसरं प्रमाण मानत नाहीत. त्या क्षणी आम्ही पक्के चार्वाक होतो.

कोपऱ्यावर पोचलो आणि एक लाट आली, आधीच्या दहा लाटांहून मोठी. फार नाही, गुडघ्यावर पाणी आलं. पण ती परत जाताना पायाखालचं सगळं ओढून नेते, हे आम्हाला कुठे ठाऊक? आम्ही शेवाळावर बसलोच. चप्पल गेली, गुडघा फुटला. उठता येईना. तेवढ्यात दंडाला हात लागला. सौभाग्यवती मागे आल्या होत्या. दुसरी लाट आली तेव्हा आम्ही दोघंही त्याच खडकाला धरून होतो.

पुढे आम्ही वर आलो, म्हणून आज आपल्यापुढे बोलतो आहोत. दिवसभर त्या काही बोलल्या नाहीत. रात्री एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला त्या बाईंचं खरं वाटलं नाही, ते समजू शकते. पण मला यावं लागलं असतं, हे तरी सुचायला हवं होतं." श्रोतेहो, आम्ही तीस वर्षं प्रमाणशास्त्र शिकवलं. आपलं ज्ञान चुकलं तर किंमत आपणच मोजू, असं आपण गृहीत धरतो. तसं नसतं.

आता त्या बाईंचं वाक्य उलगडून पाहू. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा माथ्यावर येतो, आणि भरतीही तेवढीच मागे सरते. म्हणून किनाऱ्यावरचा हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. दिवसातून दोन भरत्या, म्हणून दुसरी सुमारे साडेबारा तासांनी. रोजचा फरक पाऊण तासाहून किंचित जास्त असतो, त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेला गुणाकार सव्वाअकरा आला तरी लोक बारा धरतात. म्हणजे हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणेही थोडं मागेपुढे होतं. पण भरतीच्या सहा तास आधी ओहोटी पूर्ण होते हे लक्षात घेतलं, तर आम्ही उतरलो तेव्हा पाणी तीन तास चढतच होतं. त्यातून सूर्य-चंद्र एका रेषेत आले की उधाण, आणि त्याचा जोर अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस राहतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती बेताची. "आज बीज" या दोन शब्दांत वेळही होती आणि उधाणही होतं. ते आम्हाला ऐकू आलं नाही.

नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण कोणाच्याही शब्दाला नव्हे. आप्ताच्या शब्दाला. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायनांनी भाष्यात पुढे सांगितलं आहे, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू. पदवीचा प्रश्नच नाही. आम्ही हे वाक्य वर्गात किती वेळा समजावलं असेल! आणि समोर आप्त पाटी घेऊन उभा राहिला तेव्हा त्यालाच विचारलं, कशावरून.

राहिलं उपमान. ते लवकर सांगतो. दुसऱ्या दिवशी लंगडत का होईना, बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून आम्ही वेळासला गेलो. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी प्रसिद्ध. रात्री मादी वाळूत येते, शंभराच्या आसपास अंडी घालून, खड्डा बुजवून निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात. गावातले लोक अंडी जपतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. तिथल्या एका मुलाने सांगितलं, मादीची वाट लहान ट्रॅक्टरच्या चाकाच्या ठशासारखी असते. पहाटे पुळणीवर तसा ठसा दिसला आणि आम्ही न विचारता ओळखलं, ही तीच. गाईसारखा तो गवय, या जुन्या उदाहरणाचं हे नवं रूप.

त्या मुलाला मात्र आम्ही 'कशावरून' विचारलं नाही.

तेव्हा यंदा किनारी जाल तर एवढं करा. निघण्यापूर्वी तिथी पाहा, मोबाइलवर भरतीचं कोष्टक पाहा. ओहोटी सुरू असतानाच खडकांवर उतरा आणि पाणी वळण्याआधी परत या. खेकड्यांची रांगोळी पाहायला वाका. आणि पाटी घेतलेलं कोणी "मागं फिरा" म्हणालं, तर आधी फिरा. कशावरून, ते वर आल्यावर विचारा.

पुढच्या वेळी हेत्वाभासांचे पाच प्रकार सविस्तर घेऊ.