घाटाचा चढ आणि स्वयंचलित गिअर

रायपूर शहर सपाटीवर वसलेले आहे. तेथून दक्षिणेकडे निघालेला रस्ता भातशेतीच्या मुलखातून धमतरीला आणि पुढे कांकेरला जातो. तोवर वाहन हाकणाऱ्यास चढाची विशेष जाणीव होत नाही. कांकेर मागे पडले की थोड्याच अंतरावर केशकालचा घाट समोर उभा राहतो. एकामागून एक येणारी अवघड वळणे, कडेला दरी, आणि पुढे मालाने लादलेल्या ट्रकांची रांग, असा हा घाट चढून गेल्यावरच बस्तरचे पठार लागते. रायपूर ते जगदलपूर हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. पण चालकाची आणि त्याच्या वाहनाची कसोटी लागते ती त्यांतल्या घाटाच्या थोडक्या किलोमीटरांत.

अशा घाटात स्वयंचलित गिअरचा पिकअप ट्रक प्रथमच नेणाऱ्या माणसाला एक चमत्कारिक अनुभव येतो. सपाटीवर शहाण्यासारखी वागणारी गाडी चढावर एकाएकी चंचल होते. इंजिन मोठ्याने गर्जू लागते, क्षणभराने शांत होते, गाडी मंदावते आणि पुन्हा गर्जना सुरू होते. गिअरपेटी बिघडली, अशी शंका त्याला येते आणि तो दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब करू लागतो. पुष्कळदा बिघाड मुळीच झालेला नसतो. यंत्र आपले नेमून दिलेले काम करीत असते. मात्र त्या कामाची रीत चालकाला ठाऊक नसते.

चढ म्हणजे वाहनावर नेमके काय ओझे पडते, हे प्रथम पाहू. मालासकट ३,००० किलो वजनाची गाडी, दर २० मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर आहे असे धरू. तिच्या वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे १५० किलोंचा भार, तिला सतत मागे ओढत असतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने चढायचे तर केवळ या ओढीवर मात करण्यास सुमारे २० अश्वशक्ती खर्ची पडते. वेग दुप्पट केला तर ४०. वारा आणि चाकांचे घर्षण यांचा खर्च निराळाच. ही शक्ती इंजिनात असते. पण इंजिन पुरेशा वेगाने फिरत असेल तरच ती हाती येते. म्हणून चढावर इंजिन जलद आणि चाके सावकाश फिरावी लागतात, आणि ते साधण्यासाठीच खालचा गिअर असतो. घाटाच्या पायथ्याशी बैलगाडीला जादा बैलजोडी जुंपीत असत. मोटारीला दुसरे इंजिन जोडता येत नाही. म्हणून ती वेग देऊन जोर विकत घेते.

साध्या गाडीत हा सौदा चालक स्वतः क्लच दाबून करतो. स्वयंचलित गाडीत क्लचच्या जागी बहुधा टॉर्क कन्व्हर्टर नावाचे तेलाने भरलेले भांडे असते. दोन पंखे समोरासमोर ठेवावेत, एक विजेवर चालवावा, आणि त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागावा, तसाच हा प्रकार आहे. फक्त वाऱ्याऐवजी तेल असते. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, गिअरपेटीकडचा पंखा त्या तेलाच्या माऱ्याने फिरतो. दोहोंच्या मध्ये तिसरे, लहान पाते असते. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवते, आणि त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ सुमारे दुप्पट होऊन चाकांकडे जातो. तेलाच्या द्वारे शक्ती पोचविण्याच्या या युक्तीचे पेटंट जर्मन अभियंता हरमान फ्योटिंगर याने १९०५ साली घेतले, ते जहाजांसाठी. मोटारींच्या बाबतीत, तेलाच्या जोडाची पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांबरोबर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. भारतात प्रवासी पिकअप गाड्यांना ती सोय अलीकडे मिळाली. २०२२ साली येथे आलेल्या टोयोटा हायलक्समध्ये सहा गिअरांची स्वयंचलित पेटी मिळते.

गिअर कोणता असावा, हे कोण ठरवते? जुन्या पेट्यांत तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडपा ते ठरवीत; आता लहानसा संगणक ठरवतो. त्याच्यापुढे मुख्यतः दोन प्रश्न असतात: गाडीचा वेग किती, आणि चालकाने अॅक्सिलरेटर किती दाबला आहे? चढावर वेग कमी होतो, चालक पाय दाबतो, आणि यंत्र खालचा गिअर घेते. गाडी जोर धरते. चालक समाधानाने पाय थोडा उचलतो. यंत्राला वाटते, आता जोराची गरज उरली नाही. ते वरचा गिअर टाकते. चढ तर संपलेला नसतो. वेग पुन्हा पडतो आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. गाडीच्या चंचलपणाचे मूळ हे आहे.

हा प्रकार केवळ कानाला त्रासदायक आहे असे नव्हे. वेग जमल्यावर कन्व्हर्टरमधील दोन्ही पंखे एका आतल्या क्लचने जखडले जातात आणि घसर थांबते. चढावर गाडी रेंगाळली की ही जखड सुटते, तेल नुसते घुसळले जाते आणि तापते. एरवी साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सियसवर राहणारे तेल १२० अंशांपलीकडे फार वेळ राहिले, तर त्याचा वंगणगुण लवकर नासतो आणि आतील क्लचच्या चकत्या झिजू लागतात. वैशाखातील उन्हात, भरल्या गाडीने, ट्रकांच्या रांगेमागे घाट चढताना हा धोका खरा असतो.

उपाय सोपा आहे. घाट सुरू होण्यापूर्वीच दांडा हाती-निवडीच्या खाचेत घेऊन खालचा गिअर कायम करावा; ओझ्यासाठी वेगळे बटण असेल तर ते दाबावे. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नये. वरच्या गिअरात कण्हणाऱ्या इंजिनापेक्षा खालच्या गिअरात मोकळे फिरणारे इंजिन अधिक निर्धास्त असते. रांग थांबली तर अॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी चढावर तोलून धरू नये; त्याने तेलच तापते. ब्रेक दाबून उभे राहावे. ज्या गाड्यांत साधाच क्लच यंत्राकडून दाबला जातो, त्यांत तर अशा तोलण्याने क्लच जळतो.

तथापि चढापेक्षा उतार अधिक कठोर असतो. हीच ३,००० किलोंची गाडी २०० मीटर खाली उतरली, तर जी ऊर्जा मुरवावी लागते तिने सुमारे १७ लिटर पाणी उकळीला येईल. पाय उचलताच यंत्र वरचा गिअर टाकू पाहते. मग इंजिनाचा अडसर नाहीसा होतो आणि ती सारी उष्णता ब्रेकच्या वाट्याला येते. अति तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. म्हणून ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक स्वयंचलित गाडीलाही लागू आहे. हात मोकळा झाला म्हणून तो नियम सुटत नाही.

नव्या पेट्यांतील संगणक चढ-उताराचाही अंदाज घेतात आणि पुष्कळदा योग्य गिअर धरून ठेवतात. परंतु त्यांना कळतो तो चाकांखालचा चढ. पुढच्या वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक, समोरून भरधाव उतरणारी बस, पावसाने निसरडी झालेली कड हे त्यांना दिसत नाही. ते दिसते चालकाला. केशकालचा घाट हा बस्तरच्या माणसांचा रायपूरकडे येण्याचा रस्ता आहे. बाजाराचा माल, परीक्षेला निघालेली मुले आणि रायपूरच्या इस्पितळांकडे निघालेले रुग्ण याच वळणांवरून जातात. तेथे एका गाडीचे ब्रेक गेले, तर तिच्या मागच्या-पुढच्या साऱ्यांचाच जीव टांगणीला लागतो. गिअर बदलण्याचे कष्ट यंत्राने आपल्या अंगावर घेतले आहेत. तो केव्हा बदलू नये, हे सांगण्याची जबाबदारी मात्र अजून चालकाचीच आहे.