मुतखडा आणि शरीराचा जमाखर्च

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अश्मरीचा अध्याय तिसरा, प्रमेहाचा सहावा. मुतखडा आणि मधुमेह यांस दोन निराळे शत्रु मानण्याची ही रीत आमच्या घरांतून अद्यापि चालू आहे. एकासाठीं शस्त्रवैद्याकडे धांव घ्यावयाची, दुसऱ्यासाठीं साखर सोडावयाची. या दोहोंचें कांहीं नातें असेल काय, असें विचारणारा विरळा. अलीकडील संशोधनानें मात्र हें नातें बरेंच निकटचें ठरविलें आहे.

२००५ सालीं अमेरिकेंतील सुमारें दोन लाख चाळीस हजार स्त्रीपुरुषांच्या दीर्घ निरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १०० किलोंहून अधिक वजनाच्या पुरुषांत, ६८ किलोंच्या आंतील पुरुषांपेक्षां, मुतखड्याचा धोका ४४ टक्के अधिक आढळला. स्त्रियांत तर तो जवळजवळ दुप्पट होता. कंबरेच्या घेराचीहि साक्ष तीच.

आतां मेदाचा आणि खड्याचा संबंध कोठें येतो, तें पाहूं. मेदस्वी शरीरांत इन्सुलिन असूनहि त्याचें चालेनासें होतें, आणि ही स्थिति मधुमेह प्रकट होण्याच्या पुष्कळ आधीं सुरू झालेली असते. निरोगी मूत्रपिंड अमोनिया तयार करून त्याच्या साहाय्यानें आम्ल बाहेर टाकतें. वरील स्थितींत अमोनिया उणा पडतो व मूत्र सदैव आम्ल राहतें. त्याचा सामू ५.५ च्या खालीं गेला कीं यूरिक आम्ल विरघळलेल्या स्थितींत टिकत नाहीं. त्याचे कण जमून खडा बनतो. २००६ सालीं फ्रान्समध्यें सुमारें अडीच हजार खड्यांचें पृथक्करण झालें, तेव्हां मधुमेही रोग्यांचे ३६ टक्के खडे यूरिक आम्लाचे निघाले. इतरांचे अवघे ११ टक्के. हे खडे साध्या क्ष-किरणांच्या चित्रांत दिसत नाहींत, परंतु औषधानें मूत्राची आम्लता उतरविल्यास पुष्कळदां विरघळून जातात. म्हणून पडलेला खडा कुपींत घालून आल्यागेल्यास दाखविण्यापेक्षां तपासणीस पाठवावा हें बरें!

बहुतेक खडे मात्र कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. येथें आमच्या गृहिणींचा एक समज आड येतो. खडा चुन्याचा, दुधांत चुना, तेव्हां दूध बंद! वस्तुतः अन्नांतील कॅल्शियम ऑक्झलेटास आंतड्यांतच बांधून ठेवतें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या इटलींतील प्रयोगांत वारंवार खडे होणारे १२० पुरुष पांच वर्षें पाहिले. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकीं २३ जणांस पुन्हां खडा झाला. कॅल्शियम नेहमींप्रमाणें ठेवून मीठ व मांस कमी केलेल्या ६० पैकीं १२ जणांसच. आमच्या पुष्कळ घरीं मांसाचा प्रश्न नाहीं, पण पापड, लोणचें, सांडगे यांचा आहे. आणि दिवसांतून चार वेळां होणाऱ्या गोड चहाचाहि. ताक बंद करून लोणचें चालूं ठेवणारें पथ्य आम्हांस तरी उलटें वाटतें.

तिशींतल्या मुलास खडा झाला, कळ थांबली, कीं घर निर्धास्त होतें. त्याच आठवड्यांत त्याची रक्तांतील साखर, रक्तदाब व कंबर पाहून घ्यावी. पाण्याविषयीं सांगावयाचें तर दिवसाकाठीं निदान दोन लिटर मूत्र होईल इतकें प्यावें. मात्र ज्यांचें हृदय वा मूत्रपिंड दुर्बल आहे अशा वडील मंडळींनीं तें प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावें.