बीजाणूंवरून समुद्री खडकाचं वय

नेच्यासारख्या वनस्पतींचे बीजाणू नदी-वाऱ्याबरोबर समुद्रात जातात आणि तळाच्या गाळात दबतात. त्यांचं कवच विलक्षण चिवट! हायड्रोफ्लोरिक आम्लात दगड विरघळतो, बीजाणू मात्र शाबूत उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली तीन फाट्यांची खूण आणि भोवती जाळीदार नक्षी दिसली, ती ‘रेटिस्पोरा लेपिडोफायटा’ची निघाली, की खडक डेव्होनियन काळाच्या अगदी अखेरचा, म्हणजे सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा समजावा. ही जात नदीकाठच्या थरांतही सापडते, त्यामुळे जमीन आणि समुद्र या दोन्हींचा काळ जुळवता येतो. निव्वळ सागरी जीवाश्मांना ते सहसा साधत नाही. एक धोका मात्र कायम असतो. जुने खडक झिजून त्यांतले बीजाणू नव्या गाळात मिसळतात. अशा थराचं वय ठरतं ते त्यातल्या सर्वांत अलीकडच्या जातीवरून.